डोरिस डे : गाणं तिचं, सह्या दुसऱ्यांच्या

'के सेरा सेरा' हे शब्द मराठी माणसाला अनोळखी नाहीत. २००० साली 'पुकार'मध्ये ए. आर. रहमान यांनी ते एका हिंदी गाण्यात आणले. त्याच्या कितीतरी आधी, १९५७ मध्ये, 'आरवल्ली' या तमिळ चित्रपटात मूळ चालीवर तमिळ शब्द बसवले गेले होते. मूळ गाणं १९५६ सालचं, आणि ते गाणारी अमेरिकन गायिका-अभिनेत्री डोरिस डे. हे गाणं जगभर इतकं पसरलं की तिचं बाकीचं काम त्याच्याखाली झाकलं गेलं. ३९ चित्रपट, साडेसहाशेच्या आसपास ध्वनिमुद्रित गाणी. कोणाच्या नावावर तिकिटं खपतात याची यादी अमेरिकेतल्या थिएटरमालकांचा कौल घेऊन दरवर्षी निघायची. त्या यादीत १९६०, १९६२, १९६३ आणि १९६४ अशी चार वर्षं डोरिस पहिली होती.

आणि तरीही १९६८ मध्ये तिचा नवरा वारला तेव्हा समजलं की वीस वर्षांच्या कमाईतलं काहीही शिल्लक नाही, उलट काही लाख डॉलरचं देणं डोक्यावर आहे.

या बाईबद्दल लिहिताना बहुतेक जण तिच्या हसऱ्या चेहऱ्यावर थांबतात. मला वाटतं, ती समजून घ्यायची तर दोन गोष्टी एकत्र बघायला हव्यात. एक तिच्या गळ्यातलं आणि अभिनयातलं कसब, जे फार कसलेलं होतं पण दिसायचं मात्र सहज. दुसरी म्हणजे त्या काळी गायिका-अभिनेत्रीचं करिअर ज्या कागदांवर उभं असायचं ते कागद. बँडचा करार, रेकॉर्ड कंपनीचा करार, स्टुडिओचा करार आणि शेवटी नवऱ्याने आणि वकिलाने पुढे केलेले करार.

डोरिसचा जन्म ३ एप्रिल १९२२ चा, ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीचा. आडनाव कॅपलहॉफ, घराणं मूळचं जर्मन. वडील संगीतशिक्षक. आईवडील लवकर वेगळे झाले आणि मुलगी आईकडे वाढली. तिला ओढ होती नाचाची. एका मुलाबरोबर जोडीने नाचून तिने बक्षीसही मिळवलं होतं, हॉलिवूडला जायचे बेत चालले होते. ऑक्टोबर १९३७ मध्ये ती बसलेल्या मोटारीला रेल्वेची धडक बसली. उजवा पाय असा मोडला की नाचणं संपलं. महिनोन् महिने घरात पडून राहावं लागलं आणि सोबतीला होता रेडिओ.

त्या रेडिओवर तिला सापडली जॅझ गायिका एला फिट्झगेराल्ड. डोरिस तिच्याबरोबर गुणगुणायची, शब्द कुठे ओढते, कुठे सोडते, श्वास कुठे लपवते ते पकडायची. आईने तिला ग्रेस रेन नावाच्या शिक्षिकेकडे घातलं. रेनबाईंना मुलीत इतकं काही दिसलं की एका शिकवणीच्या पैशात त्या तिला आठवड्याला तीन शिकवण्या देऊ लागल्या. त्यांचा भर आवाज मोठा करण्यावर नव्हता. शब्दांचा अर्थ कळायला हवा आणि समोर हजार माणसं असली तरी एकाच माणसाच्या कानाशी गातोय असं गायचं, ही त्यांची शिकवण.

हे नुसतं गोड सांगणं नव्हतं, त्यामागे एक तांत्रिक बदल होता. मायक्रोफोन येण्यापूर्वी नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर छातीतून, जोर लावूनच गावं लागे. आपल्याकडच्या संगीत नाटकांतही हीच अट होती. १९२० च्या दशकात विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आणि चांगले मायक्रोफोन आले आणि ती अट गळून पडली. आता कुजबुजलं तरी ऐकू येणार होतं. त्यातून नवा गायक जन्माला आला. त्याला आवाज फेकायचा नव्हता, आवरायचा होता. मायक्रोफोन जितकी जवळीक देतो तितकेच दोषही उघडे पाडतो. 'स' लांबला तर शिट्टी वाजते, 'प' जोरात आला तर फटका बसतो, श्वास घेतलेला कळतो. डोरिसच्या गाण्यात यातलं काहीही खटकत नाही. तिची व्यंजनं स्पष्ट पण मऊ असतात, स्वर मध्यावर अचूक बसतो, आणि ओळ तालाच्या किंचित मागून येते, घाई नसल्यासारखी. ऐकणाऱ्याला वाटतं ही बाई काही करतच नाहीये.

शिकवणीनंतर स्थानिक रेडिओ आणि मग बार्नी रॅप यांचा बँड. कॅपलहॉफ हे नाव फलकावर मावणार नाही म्हणून त्यांनी ते बदलायला लावलं. ती 'डे आफ्टर डे' हे गाणं चांगलं गायची, त्यातलं 'डे' आडनाव म्हणून चिकटलं. तिला ते कधी फारसं आवडलं नाही. म्हणजे जे नाव जगाला माहीत झालं तेही दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं.

तेव्हाच्या बँडमध्ये गायिकेचं स्थान काय होतं हे आज लक्षात येत नाही. लोक नाचायला येत, नाव बँडमास्तरचं असे. गायिका बाजूला खुर्चीवर बसून राहायची, गाण्याच्या मध्यावर उठून एक कडवं गायची आणि परत बसायची. पगार आठवड्याचा. रात्रभर बसचा प्रवास, पुढच्या गावी पुन्हा तेच. बॉब क्रॉस्बी, मग लेस ब्राउन अशा बँडांतून तिने हे दिवस काढले. मध्ये १९४१ साली तिने अल जॉर्डन या ट्रॉम्बोनवादकाशी लग्न केलं. तो मारहाण करायचा. १९४२ च्या फेब्रुवारीत मुलगा टेरी झाला, त्यानंतर वर्षभरात ती घटस्फोट घेऊन मोकळी झाली. एकविशीच्या आत लग्न, मूल आणि घटस्फोट झालेली ही मुलगी. पुढे पडद्यावर तिच्यावर 'जगाचा वारा न लागलेली' असा जो शिक्का बसला, त्याच्याशी हे आयुष्य ताडून पाहावं.

याच सुमाराला एका संपाने गायकांचं नशीब बदललं. अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून रेकॉर्डिंग बंद केलं. तबकड्या विकून कंपन्या श्रीमंत होतात आणि वादकाला एकदाच पैसे मिळतात, शिवाय रेडिओवर तबकड्या वाजल्या की त्याचं कामही जातं, ही तक्रार होती. पण ही संघटना वादकांची, गायक तिच्यात नव्हते. त्यामुळे कंपन्यांनी वाद्यांशिवाय, नुसत्या कोरसच्या साथीवर गायकांची गाणी काढायला सुरुवात केली. श्रोत्यांना बँडमास्तरऐवजी गायकाचं नाव पाठ व्हायला लागलं. कोलंबियासारख्या मोठ्या कंपनीने संघटनेशी समझोता केला तो थेट नोव्हेंबर १९४४ मध्ये.

लेस ब्राउनच्या बँडकडे तेव्हा 'सेंटिमेंटल जर्नी' हे गाणं तयार होतं, कार्यक्रमांत वाजतही होतं, पण संपामुळे त्याची तबकडी निघू शकत नव्हती. संप मिटताच ते रेकॉर्ड झालं आणि १९४५ च्या सुरुवातीला बाजारात आलं. घरी परतण्याच्या ओढीचं गाणं, आणि नेमकं त्याच वर्षी लाखो सैनिक युद्धावरून परतत होते. तबकडी ऐकली तर आधी बराच वेळ बँडच वाजत राहतो, डोरिस नंतर येते, आणि आल्यावरही ती भावनेला हात घालायला धावत नाही. जवळजवळ सपाट, थकलेल्या माणसाच्या आवाजात गाते. गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. पण तबकडीवर ठळक नाव लेस ब्राउनचंच. १९४६ च्या अखेरीस मोठे बँड एकामागून एक बंद पडले. तोवर ती बँड सोडून एकटीने गायला लागली होती. १९४७ मध्ये तिने कोलंबियाशी स्वतःच्या नावावर करार केला, तो पुढे वीस वर्षं चालला.

चित्रपटात ती आली ती बदली म्हणून. 'रोमान्स ऑन द हाय सीज' या चित्रपटासाठी ठरलेल्या बेटी हटन गरोदर होत्या. संगीतकार जूल स्टाइन आणि गीतकार सॅमी कान यांनी एका पार्टीत डोरिसला गाताना ऐकलं होतं, त्यांनी तिचं नाव सुचवलं. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ. तिने सरळ सांगितलं की मला अभिनय येत नाही. कर्टिझना तो प्रामाणिकपणा आणि तिच्या चेहऱ्यावरचे ठिपके दोन्ही आवडले. अभिनयाच्या शिकवण्या लावू नकोस, हा त्यांचा सल्ला. चित्रपट १९४८ मध्ये आला, आणि ती वॉर्नर ब्रदर्सच्या कराराखाली आली.

हा स्टुडिओ करार म्हणजे काय प्रकार होता? मुदत सात वर्षांची. कलाकाराला काम असो-नसो पगार मिळणार. बदल्यात कुठल्या चित्रपटात काम करायचं हे स्टुडिओ ठरवणार. मनात आलं तर तो दुसऱ्या स्टुडिओला कलाकार भाड्याने देणार आणि वरचा नफा स्वतःच्या खिशात घालणार. भूमिका नाकारली तर पगार बंद. पूर्वी आणखी एक मेख होती : पगार बंद असलेले दिवस स्टुडिओ सात वर्षांत धरतच नसे, ते शेवटी जोडले जात. त्यामुळे सातची आठ, नऊ वर्षं होत. ऑलिव्हिया डी हॅव्हिलँड हिने याच वॉर्नर ब्रदर्सला कोर्टात खेचलं आणि डिसेंबर १९४४ मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला की सात वर्षं म्हणजे दिनदर्शिकेतली सात वर्षं. चार वर्षांनी आलेल्या डोरिसला या निकालाचा आयता फायदा मिळाला. करारात अडकलेल्या नटीची ही लढाई मराठी वाचकाला परकी वाटू नये. १९३९ मध्ये पुण्यात शांता आपटे प्रभातच्या फाटकापाशी उपोषणाला बसल्या होत्या, त्याही कराराच्या वादावरूनच.

वॉर्नरकडे डोरिसने साधारण सात वर्षांत सतरा चित्रपट केले. त्यातले बरेच एका साच्यातले : जुनं गाव, गोरंगोमटं घर, प्रेम, आठ-दहा गाणी. ते सगळे आज पाहण्यासारखे आहेत असं मी म्हणणार नाही. 'स्टॉर्म वॉर्निंग' (१९५१) मात्र वेगळा. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेच्या दहशतीखाली जगणाऱ्या गावाची ही गोष्ट, तिच्यात डोरिसला एकही गाणं नाही. तो पाहून रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याने तिचं नाव डोक्यात ठेवलं होतं, ते पुढे कामी आलं.

आणि १९५३ चा 'कॅलॅमिटी जेन'. पुरुषी कपड्यांतली, बंदूक उडवणारी, चिखलात लोळणारी बाई, आणि शेवटाकडे 'सीक्रेट लव्ह' हे गाणं. संगीतपटांत गाणं आधी रेकॉर्ड करायचं आणि चित्रीकरणाच्या वेळी त्यावर ओठ हलवायचे, ही रीत तिकडेही होती. फरक इतकाच की आपल्याकडे तोवर पडद्यावरचा चेहरा आणि पडद्यामागचा गळा वेगळे झाले होते, सुरैयासारखी स्वतः गाणारी नायिका विरळा. डोरिसला दोन्ही कामं स्वतःच करायची होती. 'सीक्रेट लव्ह'च्या रेकॉर्डिंगला ती घरून सायकलने गेली, वादक तयारच होते, आणि पहिल्याच खेपेला गाणं झालं. संगीत दिग्दर्शक रे हाइनडॉर्फ यांना दुसऱ्या टेकची गरज वाटली नाही. गाणं हळू, अंग चोरून सुरू होतं आणि गुपित उघड करण्याच्या जागी आवाज एकदम मोकळा सुटतो. त्या एका चढणीत तिच्या आधीच्या पंधरा वर्षांची मेहनत आहे. त्या वर्षीचा गाण्याचा ऑस्कर 'सीक्रेट लव्ह'ला मिळाला.

वॉर्नरचा करार संपल्यावर आलेली पहिली मोठी भूमिका म्हणजे 'लव्ह मी ऑर लीव्ह मी' (१९५५). १९२०-३० च्या दशकांतली गायिका रूथ एटिंग हिच्या आयुष्यावरचा हा चित्रपट. गुंड प्रवृत्तीचा नवरा तिचं करिअर चालवतो, तिच्यासाठी करार करतो आणि तिच्यावर मालकी सांगतो. नवऱ्याच्या भूमिकेत जेम्स कॅग्नी. माझ्या मते डोरिसचा हा सर्वांत ताकदीचा अभिनय. ती इथे गोड नाही. काम मिळवण्यासाठी हिशेबीपणे वागणारी, दारू पिणारी, स्वतःवर चिडलेली बाई तिने उभी केली. चित्रपटातल्या गाण्यांचा अल्बम कित्येक आठवडे विक्रीत पहिला होता.

त्यानंतर हिचकॉकचा 'द मॅन हू न्यू टू मच' (१९५६). डोरिस इथे जो मॅकेना, म्हणजे डॉक्टरशी लग्न करून रंगमंच सोडलेली गायिका आहे. मोरोक्कोत सुट्टीवर असताना त्यांच्या मुलाचं अपहरण होतं. बातमी आधी नवऱ्याला कळते. तो, म्हणजे जेम्स स्ट्युअर्ट, तिला लगेच काही सांगत नाही. आधी झोपेच्या गोळ्या घ्यायला लावतो, त्या घेतल्यावर सांगतो. ती किंचाळते, उठून धावायला बघते, तो तिला पलंगावर दाबून धरतो, आणि हळूहळू औषध तिच्यावर मात करतं. राग, भीती आणि झोप एकाच चेहऱ्यावर एकमेकांशी झगडत असतात. हा प्रसंग पाहिल्यावर 'डोरिस डे म्हणजे हलकंफुलकं' हे म्हणणं कुणाच्या तोंडून निघू नये.

'के सेरा सेरा' या चित्रपटात दोनदा येतं. आधी हॉटेलच्या खोलीत, आई मुलाला झोपवण्याच्या गडबडीत सहज गाते. शेवटी ते येतं लंडनमधल्या एका दूतावासात. मुलाला वरच्या मजल्यावर डांबलंय अशी तिची खात्री आहे, म्हणून पाहुण्यांसमोर पियानोवर बसून ती तेच गाणं मुद्दाम मोठ्याने गाते. समोर बसलेले उंची कपड्यांतले लोक चमकून एकमेकांकडे बघतात, दिवाणखान्यात इतकं मोठ्याने गात नाहीत. कॅमेरा जिन्यावरून, रिकाम्या दालनांतून वर वर जातो आणि आवाज एकेका वळणाला अंधुक होत जातो. वर मुलगा तो ओळखतो आणि शिट्टीने साथ देतो. सगळी हयात मायक्रोफोनशी हळू बोललेल्या गायिकेने इथे मुद्दाम तिच्या स्वभावाविरुद्ध आवाज लावलाय, आणि म्हणून तो काळजाला भिडतो. जे लिव्हिंग्स्टन आणि रे एव्हान्स यांचं हे गाणं तिला स्वतःला मुलांचं, किरकोळ वाटलं होतं, रेकॉर्ड करायला ती नाखूश होती. त्यालाही ऑस्कर मिळाला.

मग १९५९ मध्ये 'पिलो टॉक' आला आणि पुढची पाच वर्षं तिकीटबारीवर तिचंच राज्य होतं. कथा टेलिफोनची. तेव्हा लाइन कमी असल्याने दोन घरांना एकच लाइन जोडून देत. एकजण बोलत असला की दुसऱ्याने रिसीव्हर उचलून नुसतं ऐकत बसायचं किंवा वैतागायचं. डोरिस गृहसजावटकार जॅन मॉरो, आणि तिच्या लाइनवर सदानकदा मैत्रिणींशी गुलुगुलू बोलणारा संगीतकार रॉक हडसन.

हॉलिवूडवर तेव्हा स्वतःच घातलेली नीतिनियमावली होती. स्त्री-पुरुष एका पलंगावर दाखवणंही अडचणीचं. 'पिलो टॉक'ने यावर पडदा दुभंगून उपाय काढला. एका बाजूला ती तिच्या घरी न्हाणीच्या टबात, दुसऱ्या बाजूला तो त्याच्या घरी टबात, दोघं फोनवर. मधल्या रेषेला दोघांची पावलं अशी टेकतात की जणू एकमेकांना लागलीच. त्याचा पाय हलतो, आणि ती गुदगुल्या झाल्यासारखी पाय मागे घेते. नियम एकही मोडलेला नाही, पण प्रेक्षकाला सगळं कळलं. अशी वेळ साधणं सोपं नसतं. दोन वेगळ्या जागी घेतलेल्या चित्रणात तिची प्रतिक्रिया क्षणभर इकडेतिकडे झाली असती तर विनोद मेला असता. गाण्यात ओळ कुठे टाकायची हे ज्याला कळतं त्याला संवादही कळतो, याचा हा पुरावा. अभिनयासाठी ऑस्करचं तिचं एकमेव नामांकन याच चित्रपटाचं.

याच काळात तिची 'कायमची कुमारिका' अशी चेष्टा सुरू झाली आणि ती टीकाकारांनी इतकी वर्षं घोळवली की तिचं खरं काम दिसेनासं झालं. मला हा शिक्का अन्यायाचा वाटतो. तिच्या नायिका काय करतात ते बघा. 'पिलो टॉक'मध्ये स्वतःचा व्यवसाय आणि स्वतःचं घर, 'लव्हर कम बॅक'मध्ये जाहिरात कंपनीत वरची जागा, 'टीचर्स पेट'मध्ये पत्रकारिता शिकवणारी प्राध्यापिका, 'द पजामा गेम'मध्ये तर कारखान्यातल्या कामगार संघटनेची पुढारी. 'नाही' म्हणणं हा त्यांचा सोवळेपणा नाही, समोरचा माणूस खोटं बोलतोय हे कळल्यावर घेतलेला निर्णय आहे. १९६० च्या आसपास पडद्यावर स्वतः कमावून स्वतःच्या मर्जीने राहणाऱ्या बायका अशा किती होत्या?

आता पैशाकडे येऊ, कारण पडद्यावर स्वतःचे निर्णय घेणाऱ्या या बाईचे खरे निर्णय दुसरीच माणसं घेत होती.

दुसरं लग्नही टिकलं नाही. १९५१ मध्ये, तिच्या वाढदिवशीच, तिने मार्टिन मेल्चर या आपल्या एजंटशी तिसरं लग्न केलं. त्याने टेरीला आपलं नाव दिलं आणि तिचे व्यवहार हातात घेतले. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टुडिओंना स्वतःच्या मालकीची थिएटरं सोडायला लावली होती. हुकमी प्रेक्षक गेल्यावर स्टुडिओंना पगारी कलाकारांचा ताफा परवडेना, आणि मोठे कलाकार स्वतःच्या निर्मिती संस्था काढून स्टुडिओंशी भागीदारी करू लागले. डोरिस आणि मेल्चरची संस्था होती आर्विन प्रॉडक्शन्स. त्यामुळे चित्रपट डोरिसचा, पण निर्माता म्हणून नाव आणि मानधन मेल्चरचंही.

दुसरा भाग कराचा. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत उत्पन्नाच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर ९१ टक्के कर होता. मोठ्या कमाईच्या माणसाला सल्ला मिळायचा तो एकच : पैसा तेलविहिरीत, हॉटेलात घाला, तिथे सवलती आहेत, तोटा दाखवला तर कर वाचतो. सल्ला बेकायदा नव्हता. पण त्यात एक मोठा धोका होता. तोटा झाला तर तो सवलतीसाठी मुद्दाम दाखवलेला आहे की खरोखर पैसा बुडालाय, हे ज्याने पैसा घातला त्याला कळतच नाही. ते कळतं फक्त हिशेब ठेवणाऱ्याला.

हिशेब होते जेरोम रोझेनथाल या वकिलाकडे. दुसऱ्या घटस्फोटापासून तो तिचा वकील. नंतर तो तिचाही, मेल्चरचाही आणि त्यांच्या कंपन्यांचाही वकील झाला. हॉटेलं आणि तेलाचे जे व्यवहार त्याने सुचवले त्यांत त्याचे स्वतःचे हितसंबंध होते. आपण जमिनीच्या व्यवहारात म्हणतो की घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा वकील एक नसावा. इथे घेणारा, विकणारा आणि सल्ला देणारा एकच. डोरिस वर्षाला दोन-तीन चित्रपट करत होती, पहाटे सेटवर जात होती, आणि समोर येईल त्या कागदावर सही करत होती.

२० एप्रिल १९६८ रोजी मेल्चर वारला. टेरी तेव्हा स्वतः नावाजलेला संगीत निर्माता होता, 'द बर्ड्स' या रॉक बँडचं 'मिस्टर टँबुरिन मॅन' हे गाणं त्यानेच काढलेलं. त्याने कागद चाळायला घेतले आणि खड्डा समोर आला. सुमारे दोन कोटी डॉलर गेले होते. आणखी एक गोष्ट कळली : मेल्चरने तिच्या नावाने सीबीएस वाहिनीशी एका टीव्ही मालिकेचा करार करून ठेवला होता, तिला न विचारता.

तिला टीव्ही नको होता. पण देणी होती, आणि करार मोडला तर आणखी देणी. 'द डोरिस डे शो'चा पहिला भाग त्याच वर्षी २४ सप्टेंबरला दाखवला गेला. मालिका पाच हंगाम चालली. त्यात एक गंमत घडत गेली. पहिल्या हंगामात ती दोन मुलांसह शेतावर राहणारी विधवा आहे. मग ती शहरात मासिकाच्या कचेरीत नोकरी धरते, मग शहरातच घर घेते, आणि शेवटच्या टप्प्यात मुलंबाळं गोष्टीतून गायब होऊन ती थेट एकटी राहणारी पत्रकार बनते. कारण सोपं आहे, पुढच्या हंगामांत मालिकेची सूत्रं तिच्या हातात येत गेली. करिअरमध्ये प्रथमच काय करायचं हे ती ठरवत होती.

फेब्रुवारी १९६९ मध्ये तिने रोझेनथालवर दावा लावला. खटला लांबला. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशांनी तिच्या बाजूने २ कोटी २० लाख डॉलरहून अधिक भरपाईचा निकाल दिला. वकिलाने एकाच वेळी परस्परविरोधी हितांच्या माणसांचं वकीलपत्र घेतलं आणि अशिलाच्या पैशात स्वतःचा फायदा बघितला, हा त्यातला गाभा. निकाल लागणं आणि पैसे हातात पडणं यात मात्र अंतर असतं. प्रत्यक्ष तडजोड व्हायला १९७९ उजाडलं, आणि मिळाली ती रक्कम निकालातल्या आकड्याच्या जवळपासही नव्हती. अपिलं चालूच राहिली. १९८५ मध्ये अपील कोर्टाने निकाल कायम केला आणि १९८७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने रोझेनथालची सनद काढून घेतली. मेल्चरला हे सगळं माहीत होतं का? डोरिसचं म्हणणं राहिलं की त्याने चुकीच्या माणसावर विश्वास टाकला. तिचं हे मत मला पटत नाही. पण ती त्याच्याबरोबर सतरा वर्षं राहिली होती, तेव्हा ते मोडीत काढणंही मला जमत नाही.

टीव्ही मालिका १९७३ मध्ये संपली आणि ती कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर कार्मेलला जाऊन राहिली. पुढचं आयुष्य तिने प्राण्यांना दिलं. ही हौस म्हातारपणी सुचलेली नव्हती. 'द मॅन हू न्यू टू मच'च्या वेळी मोरोक्कोत चित्रीकरणातल्या जनावरांचे हाल बघून, त्यांना नीट खायला मिळाल्याशिवाय काम करणार नाही असं तिने सांगितलं होतं, आणि निर्मात्यांना ती सोय करावी लागली होती. १९७८ मध्ये तिने प्राण्यांसाठी संस्था काढली, ती आजही चालते.

चाहते तिला परत गायला सांगत राहिले. २०११ मध्ये 'माय हार्ट' हा अल्बम आला, त्यातली बरीच गाणी टेरीने १९८० च्या दशकात तिच्याकडून गाऊन घेतलेली. टेरी २००४ मध्येच गेला होता. अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिल्या दहात पोचला, तेव्हा ती ८९ वर्षांची होती. १३ मे २०१९ ला, ९७ व्या वर्षी, ती गेली.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर 'के सेरा सेरा'पासून करू नका. आंद्रे प्रेविन यांच्या जॅझ त्रिकुटाबरोबरचा १९६२ चा 'डुएट' लावा. मोठा वाद्यवृंद नाही, कोरस नाही. पियानो, बेस, ड्रम आणि ती. लपायला जागाच नाही, आणि तिला लपायची गरजही पडत नाही. तो आवडला तर 'द लव्ह अल्बम' शोधा. १९६७ मध्ये, मेल्चर जाण्याच्या आदल्या वर्षी, तिने तो रेकॉर्ड केला होता. श्रोत्यांच्या हाती यायला १९९४ उजाडलं.